चष्मा लावलेली गाय

हिरोमू आराकावा या जपानी चित्रकथाकार बाईंची पुस्तकं कोट्यवधींनी खपली आहेत. पण स्वतःचं चित्र काढायची वेळ आली की त्या आपला चेहरा काढतच नाहीत. काढतात एक गाय. डोळ्यांवर चष्मा असलेली, गुबगुबीत गाय.

कारण साधं आहे. बाई होक्काइदो बेटावरच्या दूधधंद्याच्या घरात वाढल्या. शाळा संपल्यावर सात वर्षं घरच्याच शेतात आणि गोठ्यात राबल्या आणि मग टोकियोला गेल्या. त्यांचं खरं नाव हिरोमी. 'हिरोमू' हे पुरुषी वळणाचं नाव त्यांनी लिहिण्यासाठी घेतलं.

ही ओळख राजुरीत सांगून बघा. आळेफाट्याहून बेल्ह्याकडे निघालं की मधे लागणारं आपलं गाव. इथं पहाट धारेनं सुरू होते. डेअरीच्या रांगेत किटल्या लागतात, 'आज फॅट किती लागली?' हा दिवसाचा पहिला प्रश्न असतो आणि दहावीतलं पोर शाळेच्या बुटांआधी गोठ्यातली गमबुटं घालतं. या पोराला होक्काइदो परकं वाटायचं काही कारण नाही. म्हणून आठवी ते बारावीच्या मुलामुलींसाठी ही शिफारस, आणि शिफारशीसोबत भरपूर किस्से. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा आणि ग्राफिक नॉव्हेल म्हणजे चित्रकादंबरी, एवढी ओळख सुरुवातीला पुरे.

चांदीचा चमचा

पहिली शिफारस आराकावाबाईंचीच: 'सिल्व्हर स्पून'. २०११ ते २०१९ या काळात चाललेली, पंधरा खंडांची मालिका. नायक युगो हाचिकेन हा साप्पोरो शहरातला हुशार मुलगा. मार्कांच्या शर्यतीत दमतो, घरच्यांच्या अपेक्षांपासून लांब पळायचं म्हणून वसतिगृह असलेली शाळा शोधतो आणि थेट शेतकी शाळेत दाखल होतो. वर्गातल्या बाकीच्यांना आपलं पुढं काय ते पक्कं ठाऊक असतं. कुणाला घरचा गोठा सांभाळायचाय, कुणाला गुरांचा डॉक्टर व्हायचंय. ठाऊक नसतं ते फक्त या पहिल्या नंबरवाल्याला. अंडं कोंबडीच्या कुठल्या बाजूनं येतं हे पाहूनही तो हादरतो.

ही शाळा हवेतून आलेली नाही. आराकावाबाई ओबिहिरो इथल्या ज्या शेतकी शाळेत शिकल्या, तिच्याच नमुन्यावर त्यांनी ती उभी केली. म्हणूनच गोष्टीतल्या गाईचं वजन, शेणाचा वास, पहाटेची थंडी, सगळं खरं उतरलंय.

गोष्टीचा गाभा एका अशक्त डुकराच्या पिल्लात आहे. हाचिकेनला त्याचा लळा लागतो. मित्र बजावतात, नाव ठेवू नकोस, जड जाईल. तो नाव ठेवतोच: 'बुताडोन'. म्हणजे डुकराच्या मटणाचा भात! पिल्लू मोठं होतं, ठरल्याप्रमाणे कत्तलखान्यात जातं आणि हाचिकेन आपल्या कमाईच्या पैशातून त्याचंच मांस विकत घेतो. पुढं काय करतो ते पुस्तकात वाचा. बोकडाला नाव ठेवलेल्या आणि मग जत्रेच्या दिवशी घराबाहेर जाऊन बसलेल्या प्रत्येक पोराला ही पानं कळतील.

आणखी एक धागा आपल्या फार जवळचा आहे. हाचिकेनच्या एका मित्राच्या घरचा गोठा कर्जापायी मोडतो. जनावरं विकली जातात आणि मुलाची शाळा सुटते. त्या प्रसंगात लेखिकेनं बोलणं कमी ठेवलंय. दावणीला बांधलेली गाय नसली की दावण कशी दिसते हे ज्यानं पाहिलंय, त्याला शब्द लागत नाहीत.

मालिकेचं नाव कुठून आलं? शाळेच्या भोजनगृहात एक चांदीचा चमचा टांगलेला असतो. बाळाला चांदीचा चमचा दिला की ते जन्मभर उपाशी राहत नाही, असा तिकडे समज. आपल्याकडे उष्टावणाला मामा चांदीची वाटी आणि चमचा घेऊन येतोच की.

मालिका इंग्रजीत पूर्ण आली आहे. इंग्रजीचा धाक वाटत असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: एका पानावर मजकूर थोडाच असतो आणि अडलेला शब्द शेजारच्या चित्रातून निम्मा उलगडतो. नववीच्या मुलाला एवढं झेपतं. पंधरा खंड एकट्यानं घेणं परवडत नसेल तर पंधरा मित्रांची भिशी लावा. प्रत्येकानं एकच खंड घ्यायचा आणि दर आठवड्याला सगळे पुढं सरकवायचे.

शांततेचाही आवाज असतो

मांगाचं पान उघडलं की चित्रांवरच मोठमोठ्या अक्षरांत आवाज लिहिलेले दिसतात. जपानीत असे शब्द ढिगानं आहेत आणि बहुतेक जोडीनं येतात. काळीज धडधडलं की 'डोकी-डोकी'. चांदण्या लखलखल्या की 'किरा-किरा'. ढग गडगडले की 'गोरो-गोरो'. धो-धो पाऊस म्हणजे 'झा-झा'. पोटात कावळे ओरडू लागले की 'पेको-पेको'. कोंबडा 'कुकूचकू' न करता 'कोकेकोक्को' करतो.

सर्वांत गमतीचा आवाज 'शीऽऽन'. हा शांततेचा आवाज! खोलीत कुणी काहीच बोलत नाही, तेव्हा चित्रात 'शीऽऽन' लिहितात.

इथं मराठी मुलांना मोठा फायदा आहे. आपली भाषा अशाच जोडशब्दांवर पोसलेली आहे. सळसळ, खळखळ, चुळबुळ, लुकलुक, भणभण, रिमझिम... इंग्रजी अनुवादकाला 'किरा-किरा'साठी शब्द शोधत बसावं लागतं, आपल्याकडे लखलख, चमचम, झगमग, लुकलुक असे चार तयार उभे असतात. मांगा मराठीत आणण्यासाठी या भाषेइतकी सोयीची भाषा शोधून सापडणार नाही, असं मला मनापासून वाटतं. हे काम कुणीतरी हाती घ्यायलाच हवं.

शेवटाकडून सुरुवात

मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात. आपल्या पुस्तकाचं मागचं पान ते त्यांचं पहिलं. चौकटीही उजवीकडून डावीकडे आणि वरून खाली. पहिली दहा पानं डोळे अडखळतात, मग सवय होते. चुकून डावीकडून उघडलं तर कित्येक इंग्रजी आवृत्त्यांत एक पान वाचकाला थांबवतं आणि सांगतं, बाळा, तू चुकीच्या टोकाला आलास.

'मांगा' हा शब्द जगभर पोचवणाऱ्यांत होकुसाई हा चित्रकार मोठा. प्रचंड लाटेचं चित्र काढणारा तोच. 'होकुसाई मांगा' या त्याच्या रेखाटनांच्या वहीचा पहिला भाग १८१४ साली निघाला आणि पुढं त्याचे पंधरा भाग झाले. त्याच्याही आधी, बाराव्या-तेराव्या शतकात, जपानी चित्रकारांनी लांबलचक गुंडाळ्यांवर ससे आणि बेडूक कुस्ती खेळताना काढले होते. त्या गुंडाळ्या क्योतोच्या कोझान-जी मंदिराच्या.

आणि खप? 'शोनेन जंप' या साप्ताहिकाच्या एकेका अंकाच्या १९९५ साली ६५ लाखांहून जास्त प्रती निघत होत्या. कुठली मालिका चालू ठेवायची आणि कुठली बंद करायची, यात वाचकांनी पाठवलेल्या पोस्टकार्डांचा कौल मोठा असे. म्हणजे शाळकरी पोरांच्या पोस्टकार्डानं नायक जगत आणि मरत.

पिंगुळी आणि जपानची सायकल

चित्र दाखवत गोष्ट सांगणं आपण जपानकडून शिकावं असं मात्र मुळीच नाही. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी गाव आहे. तिथला ठाकर समाज पिढ्यान्‌पिढ्या चित्रकथी सांगत आला. रामायण-महाभारतातले प्रसंग हातकागदावर रंगवायचे, एका कथेच्या चित्रांचा गठ्ठा म्हणजे एक पोथी. कथेकरी एकेक चित्र पाटीला टेकवतो, गातो, पात्रांचे संवाद म्हणतो, चित्र बदलतो. बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या ग्रंथातही चित्रकथकाचा उल्लेख आहे. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना या कलेसाठी २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

आता जपानचं बघा. १९३०च्या दशकात तिथं गल्लोगल्ली सायकलवरून गोष्टवाले यायचे. कॅरियरवर लाकडी चौकट, चौकटीत चित्रांचे पुठ्ठे. लाकडं ठोकून पोरं गोळा करायची, आधी खाऊ विकायचा आणि मग चित्रं सरकवत गोष्ट सांगायची. त्याला म्हणतात 'कामिशिबाई', कागदी नाटक. पुढं दूरचित्रवाणी आली आणि गोष्टवाल्यांचा धंदा बसला. त्यांच्यासाठी चित्रं काढणारे कितीतरी हात मांगाकडे वळले.

त्यातला एक हात शिगेरू मिझुकी यांचा. एकच हात. दुसऱ्या महायुद्धात सैनिक म्हणून गेलेल्या मिझुकींनी डावा हात गमावला आणि उरलेल्या एका हातानं उभ्या जपानच्या भुताखेतांना कागदावर उतरवलं. त्यांचा 'कितारो' हा भूतपोऱ्या आजही जपानी घराघरांत आहे. वेशीवरच्या आणि विहिरीवरच्या भुतांच्या गोष्टी आजीकडून ऐकलेल्या मुलांनी 'कितारो' जरूर वाचावा. आठवीपासून चालेल.

चित्राशेजारी नाव लिहायची रीत तर आपल्या जुन्नर तालुक्याला दोन हजार वर्षांपासून ठाऊक आहे. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती कोरल्या होत्या आणि प्रत्येकाच्या डोक्यावर ब्राह्मी लिपीत त्याचं नाव. मूर्ती झिजून-फुटून गेल्या, पायांच्या खुणा तेवढ्या राहिल्या. नावं मात्र वाचता येतात. हा कोण, ही कोण, ते वर लिहिलेलं. चौकटीतल्या पात्राची ओळख करून द्यायला आणखी काय लागतं?

विंचवाच्या नांगीचे शब्द

आता ज्या पुस्तकाशिवाय ही यादी मी कुणाच्या हाती देणार नाही, ते: 'भीमायन'. २०११. चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या मध्य प्रदेशातल्या परधान गोंड कलावंतांची, लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचं. विषय डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सोसलेली अस्पृश्यता. आधार बाबासाहेबांच्या स्वतःच्या आठवणींचा.

व्याम दांपत्यानं पहिल्याच झटक्यात एक नियम मोडला. चौकटी नाहीत! आमची माणसं आम्ही खोक्यात कोंबणार नाही, अशी त्यांची भूमिका. पानभर मोकळी चित्रं वाहतात आणि गोंड भिंतीवरच्या नक्षीच्या वळणदार पट्ट्या प्रसंग वेगळे करतात. आगगाडीचा साप होतो, किल्ल्याचं जनावर होतं.

त्याहून भारी त्यांचे संवादाचे फुगे. साध्या, मायाळू माणसाचं बोलणं पक्ष्याच्या आकारात येतं. अपमान करणाऱ्याच्या बोलण्याला विंचवाची नांगी असते. मनातल्या विचाराच्या फुग्यात एक डोळा असतो, मनाचा डोळा. भाषा येत नसली तरी कुणाचं बोलणं डसतंय ते कळतं. जगातल्या चित्रकथांमध्ये संवादाचा फुगा असा कुणी वापरल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

प्रसंग सगळे आपल्या नकाशावरचे. १९०१ साली वडिलांना भेटायला निघालेली लहान भावंडं मसूर स्टेशनवर उतरतात. जात कळताच त्यांना कुणी गाडी द्यायला तयार होत नाही. मुश्किलीनं गाडी मिळते, तर रात्रभराच्या प्रवासात पाणी मिळत नाही. १९१७ साली बडोद्यात परदेशातून शिकून आलेल्या बॅरिस्टर होऊ घातलेल्या माणसाला राहायला जागा मिळत नाही. १९३४ साली दौलताबादच्या किल्ल्यावर टाक्यातल्या पाण्यावरून अडवलं जातं. आणि मधे महाडचं चवदार तळं, १९२७. इतिहासाच्या पुस्तकात महाड दोन ओळींत उरकतं. इथं तहान पानभर पसरते. आठवीपासून पुढं सगळ्यांनी वाचावं.

याच्या जोडीला त्याच वर्षी आलेलं 'अ गार्डनर इन द वेस्टलँड'. जोतीराव फुल्यांच्या १८७३ सालच्या 'गुलामगिरी'वर आधारलेलं. लेखन पुन्हा श्रीविद्या नटराजन यांचं, चित्रं अपराजिता निनान यांची. आपल्या तालुक्यातलं ओतूर हे सत्यशोधक चळवळीचं जुनं ठाणं, त्यामुळे जुन्नरच्या मुलांसाठी तर हे घरचंच. थोडं वादाचं, थोडं बोचरं आहे. अकरावी-बारावीत वाचून वर्गात त्यावर खुशाल भांडावं.

पाण्याखाली गेलेलं गाव

आंबेगाव तालुक्याचं मूळ आंबेगाव कुठं आहे? डिंभे धरणाच्या पाण्याखाली. तालुक्याला नाव उरलं, कचेऱ्या घोडेगावात. हे ठाऊक असलेल्या मुलानं ओरिजित सेन यांचं 'रिव्हर ऑफ स्टोरीज' वाचावं. १९९४ सालचं हे पुस्तक भारतातली पहिली चित्रकादंबरी मानलं जातं. नर्मदेवरचं धरण, काठचे आदिवासी, शहरातून गेलेला तरुण पत्रकार आणि जगाच्या उत्पत्तीचं गाणं गाणारा मलगू गायन. एकाच पानावर एकीकडे पुराणकथा आणि दुसरीकडे मोर्चा चालतो. पुस्तक कित्येक वर्षं मिळतच नव्हतं, २०२२ साली पुन्हा छापलं गेलं. ज्यांच्या शेताला कालव्याचं पाणी मिळतं आणि ज्यांचं शेत पाण्यात गेलं, अशा दोन्ही घरांतली मुलं आपल्याकडे एकाच बाकावर बसतात. त्यांनी ते एकत्र वाचावं, असं मला फार वाटतं.

वानरराजा आणि महाराष्ट्रात आलेला भिक्षू

अमेरिकेतले जीन लुएन यांग हायस्कुलात संगणक शिकवायचे. २००६ साली त्यांचं 'अमेरिकन बॉर्न चायनीज' आलं आणि अमेरिकेच्या नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीत जाणारी ती पहिली चित्रकादंबरी ठरली. वर्गात वेगळा दिसणारा, वेगळा डबा आणणारा मुलगा हा त्याचा नायक. आणि त्याच्या गोष्टीत मधेच उड्या मारत येतो चिनी पुराणातला वानरराजा.

हा वानरराजा मूळचा 'पश्चिमेचा प्रवास' या जुन्या चिनी कादंबरीतला. तिथं तो एका भिक्षूचा सोबती म्हणून भारताकडे निघतो. त्या भिक्षूमागचा खरा माणूस म्हणजे ह्युएन त्संग. सातव्या शतकात दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात येऊन महाराष्ट्राच्या मानी, लढवय्या माणसांविषयी लिहून ठेवणारा तोच. म्हणजे अमेरिकेतल्या शाळेतली गोष्ट चीनला वळसा घालून आपल्या पायरीपाशी येते.

सोळा पानांनी बदललेला माणूस

१९५७ साली अमेरिकेत एक कॉमिक निघालं. पानं सोळा, किंमत दहा सेंट. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे मार्टिन ल्यूथर किंग आणि माँटगोमेरीच्या बस बहिष्काराची गोष्ट; त्यात गांधीजींचीही ओळख होती. ते वाचून भारलेल्या तरुणांपैकी एक जॉन लुइस. पुढं त्यांनी सेल्माच्या पुलावर पोलिसांच्या काठ्या झेलल्या, अमेरिकेच्या संसदेत गेले आणि आयुष्याच्या उत्तरार्धात स्वतःची गोष्ट कॉमिकमध्येच सांगितली: 'मार्च', तीन खंड. तिसऱ्या खंडाला २०१६ साली नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं.

कॉमिकच्या मेळाव्यांना लोक आवडत्या नायकाचा वेश करून जातात. २०१५ साली सॅन दिएगोच्या मेळाव्यात पंचाहत्तरीचे लुइस गेले ते स्वतःच्याच वेशात: सेल्माला घातला होता तसा लांब कोट, पाठीवर तशीच पिशवी. मागून शाळकरी पोरांची रांग चालली होती. दहावीच्या सुट्टीत वाचायला याहून चांगलं काय सांगू?

धावत्या गोष्टी

डोरेमॉनची जन्मतारीख ३ सप्टेंबर २११२. उंची १२९.३ सेंटिमीटर, वजन १२९.३ किलो! त्याला जन्म देणारे 'फुजिको फुजिओ' हे एक नाव दोन मित्रांनी मिळून घेतलेलं.

शिनचॅन मुळात मोठ्यांच्या साप्ताहिकात सुरू झाला. तेव्हा त्याच्या अचाट बोलण्याबद्दल आईनं रागावणं रास्तच आहे.

कबड्डीवर मांगा आहे. 'शाकुनेत्सु कबड्डी', म्हणजे तापलेली कबड्डी. फुटबॉलला रामराम ठोकलेला जपानी मुलगा शाळेच्या कबड्डी संघात सापडतो आणि दम धरून 'कबड्डी कबड्डी' म्हणू लागतो. २०२१ साली त्याची अ‍ॅनिमे, म्हणजे हलत्या चित्रांची, मालिकाही आली. अंगणात रेघ ओढून हुतूतू खेळणाऱ्या मुलांनी जपानी पोरांची पकड एकदा बघाच.

व्हॉलीबॉलची जाळी बांधणाऱ्यांसाठी 'हायक्यू', ४५ खंड. जपानीत या शब्दाचा अर्थच व्हॉलीबॉल. बुटका हिनाता, एकेकाळी नावाजलेली आणि आता मागे पडलेली शाळा, संघाचं टोपणनाव कावळे. एकेक सामना वाचताना श्वास अडकतो.

'डॉक्टर स्टोन'मध्ये सगळी माणसं अचानक दगड होतात आणि सेन्कू नावाचा शाळकरी शास्त्रज्ञ ३,७०० वर्षांनी जागा होतो. जागा होताच त्याला अचूक तारीख ठाऊक असते, कारण दगडाच्या आत तो सेकंद मोजत बसलेला असतो! मग साबण, काच, औषध, फोन असं एकेक पायरीनं जग पुन्हा उभं करतो. दगड व्हायची कल्पना गोष्टीपुरती, पण साबणाची कृती रसायनशास्त्राला धरून आहे. खोडदच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस दुर्बिणी ज्यांच्या शाळेच्या वाटेवरून दिसतात, त्या मुलांसाठी ही मालिका मी डोळे झाकून सांगेन. प्रयोग मात्र विज्ञानाच्या बाईंसमोरच करा.

ओसामू तेझुका हे मांगाचे पितामह. शिकले डॉक्टरकी, १९६१ साली गोगलगायीच्या शुक्रपेशींवर संशोधन करून डॉक्टरेटही घेतली, पण आयुष्य काढलं चित्रांत: सुमारे दीड लाख पानं. किड्यांचं इतकं वेड की 'ओसामू' लिहिताना त्यांनी नावात किडा या अर्थाचं अक्षर घुसवलं. त्यांचं 'बुद्ध' १९७२ ते १९८३ चाललं. लेण्याद्रीच्या आणि तुळजा लेण्यांच्या सावलीत राहणाऱ्यांनी ते वाचावं. काही चित्रं मोठ्यांची आहेत, म्हणून बारावीत.

गव्हाच्या ओंबीपासून

'चित्रांचं पुस्तक? ते लहान पोरांचं!' असं कुणी म्हणालं तर त्यांच्या हातात दोन पुस्तकं ठेवा.

एक, 'बेअरफूट गेन'. लेखक केइजी नाकाझावा सहा वर्षांचे होते, जेव्हा हिरोशिमावर अणुबाँब पडला. शाळेच्या भिंतीच्या आडोशानं ते वाचले. वडील, बहीण आणि भाऊ गेले. १९७३ साली त्यांनी ही गोष्ट मुलांच्या साप्ताहिकात सुरू केली. तिची सुरुवात गव्हापासून होते. तुडवला तरी पुन्हा ताठ उभा राहणारा गहू. तसे व्हा, असं बाप पोरांना सांगतो. चित्रं भयंकर आहेत, सोबत मोठं माणूस असावं. 'तोत्तोचान' मराठीतून वाचून जपानी मुलांशी दोस्ती झाली असेल तर पुढची पायरी ही.

दोन, आर्ट स्पीगलमन यांचं 'माउस'. हिटलरच्या छळछावणीतून वाचलेल्या वडिलांची कहाणी. त्यात ज्यू उंदीर आहेत, जर्मन मांजरं. १९९२ साली त्याला खास पुलित्झर पारितोषिक मिळालं. २०२२ साली अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात एका शाळा मंडळानं ते अभ्यासक्रमातून काढलं, तर देशभर त्याच्यावर उड्या पडल्या. दहावीनंतर वाचा.

वडिलांच्या ट्रंकेत बघा

नवं घेण्याआधी घरातली जुनी ट्रंक उघडा. त्यात 'चांदोबा' सापडेल. मराठीत तो १९५२ पासून. 'इंद्रजाल कॉमिक्स' सापडेल, १९६४ सालापासूनचं. वेताळाचा, म्हणजे फँटमचा, मूळ देश 'बेंगाला' भारतात आल्यावर 'देंकाली' झाला तो याच अंकांत. 'अमर चित्र कथा' सापडेल. १९६७ साली अनंत पै यांनी ती सुरू केली, कारण दूरदर्शनवरच्या प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक पुराणातली उत्तरं येत होती आणि रामाची आई कोण ते येत नव्हतं. 'कृष्ण' या अंकाचा क्रमांक अकरा आहे. आधीचे दहा सिंड्रेलासारख्या परदेशी परीकथांचे. तो 'कृष्ण' काढला राम वाईरकरांनी, पुढं सुपंडीला चेहरा दिला तोही त्यांनीच. पुण्याच्या प्रताप मुळीकांच्या कुंचल्यातून तर राजे, ऋषी आणि शेवटी नागराजसुद्धा उतरला. ही नावं मुलांना पाठ असायला हवीत.

चार पानं, एक पेन्सिल

दिवेलागणीनंतर उसाच्या कडेला कुणी फिरकायचं नाही, बिबट्या असतो. आपल्याकडच्या मुलांची संध्याकाळ त्यामुळे घरातच जाते. ती वाचण्यात जावी आणि थोडी काढण्यातही. मांगा बहुतेक काळ्या-पांढऱ्यातच असतो, रंग लागत नाहीत. कोरी वही आणि पेन्सिल पुरते.

विषय शोधायला लांब जायला नको. आळ्यात ज्ञानोबांच्या रेड्याची समाधी आहे. तीच गोष्ट रेड्याच्या तोंडून सांगा, आणि वेद म्हणताना त्याच्या फुग्याचा आकार कसा असेल ते ठरवा. बोरीला कुकडीच्या काठावर सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीची राख सापडली. ती समुद्र ओलांडून इथवर आली, त्या प्रवासाची चार पानं करा, एकही संवाद न लिहिता. नारायणगावच्या विठाबाई भर तमाशात बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, असं जुनी माणसं सांगतात. ढोलकीचा आवाज कागदावर कसा लिहायचा?

किंवा अगदी आजची गोष्ट घ्या. पहिली चौकट उजवीकडे, वरच्या कोपऱ्यात. पहाटेचे साडेचार. अंधार. गोठ्यातला एकच दिवा. कोपऱ्यात मोठ्या अक्षरात 'शीऽऽन'. दुसऱ्या चौकटीत बादलीच्या तळावर पडलेली पहिली धार, आणि तिचा आवाज तुमच्या शब्दांत.